४१ कोटी आणि तीन बॅटऱ्या

शनिवार, ५ ऑक्टोबर

पिनबॉल मशीनला (काचेखाली स्टीलचा बॉल उडवत गुण करायचा खेळ) गिऱ्हाईक पक्कं झालं. डेन्व्हरचा आहे. याआधी तिघांनी फोन केले, तिघांनीही आधी किंमत पाडायला सुरुवात केली. याने पहिल्याच वाक्यात विचारलं, "बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्यास?" तिथेच सौदा झाला म्हणायचा. दोनशे डॉलर मी आपणहून कमी केले. हिला अजून सांगितलेलं नाही.

डिसेंबरात आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला जातोय. तिथे सव्वाशे किलोच्या आसपासचं पिनबॉल मशीन न्यायचं म्हणजे लिफ्टवाल्याशी भांडण आणि खालच्या मजल्यावर कायमचं वैर. मुलगा म्हणाला, मला नको, माझं घर तुमच्या बेसमेंटएवढंच आहे. मग राहिलं काय!

'अ‍ॅडम्स फॅमिली', १९९२ सालचं. नाव बॅली कंपनीचं, पण बॅलीचा पिनबॉलचा धंदा विल्यम्स कंपनीने त्याआधीच, १९८८ मध्ये घेतला होता. म्हणजे हे मशीन बनलं शिकागोत, आमच्या नेपरव्हिलपासून तासाभराच्या अंतरावर. अशी २० हजारांहून जास्त मशीनं निघाली. त्यातलं आमचं २००३ मध्ये एका बंद पडणाऱ्या बोलिंग अ‍ॅलीतून आलं, सिगरेटच्या वासासकट. तो वास जायला दोन वर्षं लागली.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

दरवर्षीप्रमाणे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंग गन आणि मशीन यांची पूजा. अंगणातला झेंडू अजून थंडीने मेला नाही, त्यामुळे पुढच्या पट्टीवर घसघशीत माळ. ही म्हणाली, "लोक आज वस्तू घरी आणतात. तू विकतोस."

संध्याकाळी शेवटचा डाव. खरं कारण वेगळंच होतं. मशीनच्या डोक्यात, म्हणजे मागच्या उभ्या खोक्यात, मुख्य बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात. वीज बंद असताना सगळी स्मृती त्यांच्या जिवावर टिकते. सेटिंग, हिशेब, वरच्या नंबरांची यादी, सगळं. आणि ते सेल काढूनच मशीन पाठवायचं असं मी ठरवलं होतं. २००८ मध्ये आम्ही दीड महिना पुण्याला होतो तेव्हा ते गळले. परतल्यावर बोर्डावर हिरवी बुरशी चढल्यासारखं दिसत होतं. व्हिनेगरने पुसून, पाण्याने धुऊन, सॉकेटं बदलून दोन शनिवार-रविवार खाल्ले. वाटेत ट्रक गोदामात किती दिवस पडून राहील याचा नेम नसतो. नव्या माणसाला तो हिरवा रंग बघायला लावायचा नाही.

पण सेल काढले की नंबरांची यादी गेली. आणि यादीत सगळ्यात वर, ग्रँड चॅम्पियनच्या जागी, २०११ पासून हीच आहे. फेब्रुवारीतल्या त्या हिमवादळात शिकागोवर २० इंचांहून जास्त बर्फ पडला होता, गाडी काढायचा प्रश्न नव्हता. दुपारी वरण-भात खाऊन ही सहज खाली गेली आणि ४१ कोटी गुण करून वर आली. मी तेरा वर्षं प्रयत्न करतोय. माझे सर्वात जास्त ३३.

आजही २७ वर आटोपलं. या मशीनमध्ये खेळाच्या फळीखाली लोहचुंबक आहेत. मधेच ते चालू होतात आणि बॉल सरळ येता येता दारूड्यासारखा वळतो. मी धक्का दिला, जरा जास्तच, आणि टिल्ट, म्हणजे मशीन हलवलं म्हणून बॉल बाद. हात बाजूला.

"झालं?" हिने जिन्यावरून विचारलं.

"फोटो काढून ठेवतो तुझ्या नंबराचा."

"कशाला? पाठ आहे मला." आणि आकडा शेवटच्या शून्यापर्यंत म्हणून दाखवला.

रविवार, १३ ऑक्टोबर

आज बांधाबांध. सकाळी नऊपासून साडेतीनपर्यंत, मधे फक्त पोहे.

आधी बॉल काढले. तीन आहेत, प्रत्येकी ८० ग्रॅम. आत विसरले तर ट्रकच्या प्रत्येक खड्ड्याला फळीवर हातोडी बसते. मग खालचा लंबक. मशीन झुकलं हे त्यालाच कळतं, कालचा गुन्हेगारही तोच. तो सुटला की आतल्या तारांवर आदळत बसतो. त्याला मोज्यात घातलं.

काच काढायची की ठेवायची यावर मतभेद आहेत. मी ठेवली. २००९ मध्ये एकदा काढून कपडे धुण्याच्या खोलीत फरशीवर उभी केली होती. कडक केलेल्या काचेची खोड अशी की मधोमध बुक्की मारा, काही होत नाही, पण कोपरा फरशीला जरा टेकला की क्षणात साखरेच्या ढेपेसारखी फुटते. पुढे वर्षभर मोज्यात बारीक खडे सापडत होते. जिथे ती सगळ्यात सुरक्षित असते, म्हणजे मशीनच्या खाचेत, तिथेच राहू दे.

मग डोकं. मागचे बोल्ट काढले, पाठीमागची कडी षट्कोनी किल्लीने फिरवली आणि डोकं हळूहळू पुढे निजवलं. खाली दोन घड्यांची जाड गोधडी, नाहीतर कडेच्या पट्ट्या उमटतात. बिजागरीपाशी तारा चिमटत नाहीत ना, हे टॉर्च लावून बघितलं. चिमटत होत्या. पुन्हा उचललं.

सेल त्याआधीच काढले होते. अंगठ्याने एकेक टुचकन. आता तो डेन्व्हरला सुरू करेल तेव्हा पडद्यावर येईल, कारखान्यातली सेटिंग पुन्हा बसवली. म्हणजे मी घातलेलं 'फ्री प्ले'ही गेलं. मशीन पुन्हा नाणी मागणार.

यावरून बाबांची आठवण झाली. किल्ल्या आत टांगायला नाण्यांचं दार उघडलं तर उजवीकडच्या खाचेच्या यंत्रात काहीतरी अडकलेलं. बाहेर काढलं तर आठ आणे. आपले, स्टीलचे. २००४ मध्ये बाबा इथे आले होते. आयुष्यभर एसटीत कंडक्टर, त्यामुळे फुकट या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. पडद्यावर फ्री प्ले लिहिलंय म्हणून सांगितलं तरी खिशात हात घालत. मी तेव्हा समजलो होतो की ते नुसता अभिनय करतात. नाण्यांच्या यंत्रात एक लहान चुंबक असतो, लोखंडाच्या खोट्या चकत्या धरून ठेवायला. अमेरिकन क्वार्टर त्याच्याजवळून सुखरूप जातो. बाबांचं तिकीट मात्र त्याने वीस वर्षं धरून ठेवलं. मी डावी खाच साफ करायचो, उजवी कधी उघडलीच नाही. आळस, दुसरं काय.

नाणं देवघरात ठेवलंय. ही म्हणाली हळद-कुंकू नको लावूस, उगाच.

पाय काढताना शेजारच्याला बोलावलं. एकट्याने करायचं काम नाही, आणि पन्नाशीनंतर तर मुळीच नाही. पुढून उचलून धरायचं, दोन बोल्ट, पाय सुटला, दुसरा. मग मागच्या बाजूवर उभं. उभं केलं की मशीन एकदम बारीक दिसतं, शाळेत मुद्दाम उभं केलेल्या पोरासारखं. आधी फोम, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन, मग प्लास्टिकचं गुंडाळण, आणि मग पॅलेटला दोन पट्टे. प्लास्टिक थेट रंगावर गुंडाळलं तर ओल धरतं, उन्हात चिकटतं. ही चूक मी दुसऱ्याच्या मशीनवर बघितलेली आहे. पाय आणि त्यांचे आठ बोल्ट वेगळ्या पुठ्ठ्यात, पॅलेटलाच बांधून. वेगळं पार्सल म्हणजे हरवायला एक वस्तू जास्त.

सगळ्या बाजूंचे २२ फोटो काढून त्याला पाठवले. शिवाय एका कागदावर खोड्या लिहिल्या. बॉल उडवणारा उजवा फ्लिपर तासाभराने तापून मऊ पडतो. मशीनमधल्या पेटीतून निघणारा खोटा हात कधीकधी बॉल उचलतो आणि मग विसरतो, पेटीवर एक टिचकी मारायची. विकणाऱ्याने हे लिहू नये म्हणतात. पण पहिल्या आठवड्यात त्याला कळणारच, मग माझ्या तोंडून का नको?

मंगळवार, १५ ऑक्टोबर

काल ट्रक आला. मागे उचलणारी फळी असलेलाच पाठवा असं दोनदा लिहूनही बिनफळीचा आला. चालक गृहस्थ शांत होता, म्हणाला उद्या दुसरा येईल. आज आला, दुपारी चारला. सही करण्याआधी विम्याची रक्कम वाचून घेतली. शून्य लिहिली होती. ती बदलून घेतली, मग सही.

रविवार, २७ ऑक्टोबर

शुक्रवारी पोचलं. त्याने सही करण्याआधी पट्टे, कोपरे सगळं तपासलं, मी सांगितलं होतं तसं. एका कोपऱ्यावरचा पुठ्ठा चेपला होता, खालचं लाकूड शाबूत.

आज त्याचा फोटो आला, पडद्याचा. पहिल्या दिवसाचा सगळ्यात मोठा आकडा. फराळाच्या चकल्या तळता तळता हिने चष्मा वर केला आणि फोन हातभर लांब धरला.

"सहा कोटी," ती म्हणाली. झारा पुन्हा तेलात घातला. "शिकेल हळूहळू."