मका उभा, हरणं गायब

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीचा शनिवार उजाडला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणं मारायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. भडक केशरी जाकिटं घालून माणसं पहाटेच रानात शिरतात. (२०१६ पासून भडक गुलाबीही चालतं, तसा कायदाच केलाय.) शिकारीचा हक्क २००३ पासून इथल्या राज्यघटनेत आहे, त्यामुळे थट्टा जरा जपूनच करावी.

सोमवारी ऑफिसात रडगाणं ठरलेलं: "यंदा हरणंच नाहीत." असतात हो! ती कुठे आहेत ते आधी मक्याला विचारावं. पुरुषभर उंच मक्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणाची खाण्याची आणि लपण्याची सोय एकाच जागी होते. जुन्नरकडच्या वाचकांना उसातला बिबट्या माहीत आहे, त्यांना जास्त सांगायला नको. २०१९ साली पावसाने शेतांचा चिखल केला, काढणी रखडली आणि ऐन हंगामात कितीतरी मका उभाच होता. मचाणावर कुडकुडणाऱ्यांना नुसती पानांची सळसळ ऐकू येणार. एकदा मका निघाला की हरणांच्या वाटाच बदलतात. दिवसा ओढ्याकाठच्या झुडपांत, अंधार पडता पडता सांडलेल्या दाण्यांवर. ओकची फळं भरपूर असली तर तेवढ्यासाठीही ती शेताकडे फिरकत नाहीत, मग बांधावरचं मचाण फुकट.

उत्तरेकडे दोष लांडग्यांना. लांडगे खातातच, पण जंगलाचं वयही बघायला हवं. तोड झाली की पहिली काही वर्षं ॲस्पेनच्या झाडांचे कोवळे फुटवे हरणांच्या तोंडाशी येतात. झाडं मोठी झाली की पाला वर जातो, खाली सावली उरते आणि हरणं पांगतात.

आणि दक्षिणेत आमच्यासारख्यांची घरं. मॅडिसन शहराच्या कडेची आमची वसाहत पूर्वी शेत होती. घरांजवळ गोळी झाडायला बंदी, त्यामुळे बाहेर बार वाजू लागले की हरणं आमच्या परसात. सकाळी झुडपं बघावीत: सशाने खाल्लेली डहाळी तिरपी, साफ कापलेली असते. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं, म्हणून टोकाला तुसं निघालेली दिसतात. आमच्याकडे सगळी तुसंच. अशी दाटी झाली की २००२ साली इथे पहिल्यांदा सापडलेला हरणांचा तो असाध्य मेंदूरोगही फैलावतो.

वसाहतीमागच्या राईत धनुष्यबाणाने शिकार करू द्यावी का, यावर सध्या वाद पेटलाय. मी पक्का शाकाहारी, तरी माझं मत "द्यावी". हरणं खाऊन टाकतात, त्यामुळे त्या राईत ओकचं एकही रोप गुडघ्यावर गेलेलं नाही. बायको ठाम विरोधात आहे, आणि सभेत घरटी एकच मत.