तुम्ही विचारलंत म्हणून : घाट आपल्याकडे, मग शर्यत पुण्यात का?

२०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, तेव्हापासून मला एकच प्रश्न विचारला जातो. यवतेश्वरचा घाट चढून-उतरून मी सकाळी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ चहाला थांबतो आणि तिथे कोणी ना कोणी म्हणतेच, "काका, घाट सगळे आपल्याकडं आणि शर्यत पुण्यात, हे कसं काय?" माझी नोकरी रस्त्यांच्या कामावर देखरेख करण्यात गेली आणि जुलैतल्या संध्याकाळी टूर द फ्रान्स ही फ्रान्समधली मोठी सायकल शर्यत बघण्यात जातात, त्यामुळे उत्तर मला ठाऊक असणार अशी सगळ्यांची समजूत आहे. एका चहात ते सांगून होत नाही, म्हणून लिहितो.

नकाशावर डोंगर शोधायचे आणि त्यांवरून रेघ ओढायची, असे मार्ग आखणे नसते. दिवसाचा मार्ग बहुधा शेवटाकडून मागे आखत आणावा लागतो. शर्यत जिथे संपणार तिथे रुंद, सरळ रस्ता हवा. रेषेपलीकडे वेगाने येणाऱ्यांना थांबायला जागा हवी. संघांच्या बस, प्रक्षेपणाचे ट्रक, वैद्यकीय पथक आणि उत्तेजक चाचणीची खोली यांची सोय हवी. आणि एवढ्या सगळ्यांना रात्री झोपायला खाटा हव्यात. टूरमध्ये २१ टप्पे आणि दोन विश्रांतीचे दिवस मिळून तेवीस दिवस चार हजारांवर माणसे गावोगाव सरकत असतात. त्यांना बोलावण्यासाठी शहरे अर्ज करतात, पैसे मोजतात, आणि पुढच्या वर्षीचा मार्ग आदल्या ऑक्टोबरातच जाहीर होतो. आधी प्रारंभाचे शहर आणि डोंगरातले मोठे दिवस ठरतात. उरलेले टप्पे त्यांना जोडण्यासाठी येतात.

त्यानंतर माणूस प्रत्यक्ष रस्त्यावर जातो. टूरचा मार्ग पाहणारे तिएरी गुवनू स्वतः एके काळी व्यावसायिक सायकलपटू होते, हे उगीच नव्हे. पूर्वी मात्र पाहणीचा प्रकार वेगळाच होता. १९१० साली टूर पिरेनीज पर्वतात न्यायचे घाटत होते, तेव्हा पाहणीला गेलेला आल्फोन्स स्टाइनेस तूरमालेच्या खिंडीत बर्फात अडकला, रात्री धडपडत पायी पलीकडच्या गावी पोहोचला आणि त्याने पॅरिसला तार केली की रस्ता उत्तम आहे, जाण्यासारखा आहे. या धाटणीचे पाहणी-अहवाल मी नोकरीत पुष्कळ वाचले आहेत.

आता कास. प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर शेवट कासच्या पठारावरच असतो, आणि दूरदर्शनच्या पडद्यावर तो देखणा दिसेल यात शंका नाही. पण वर शेकडो गाड्या उभ्या करायच्या कुठे? पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि रस्त्याच्या कडेला एक चाक उतरले तरी ते फुलांच्या मुळांवर जाते. फ्रान्समध्ये प्वी द दोम या जुन्या ज्वालामुखीवर हाच पेच आहे. तिथे वरच्या अरुंद रस्त्याची अर्धी रुंदी आता दातेरी रेल्वेने घेतली आहे. १९८८ नंतर थेट २०२३ मध्ये टूर पुन्हा तिथे गेली, तीही शेवटच्या चार किलोमीटरमध्ये एकाही प्रेक्षकाला येऊ न देता. साताऱ्याच्या माणसाला कासला येऊ नका म्हणून सांगायचे काम मी तरी अंगावर घेणार नाही.

"मॅरेथॉन होते की यवतेश्वरला," असेही म्हणतात. होते, पण धावणारे सकाळी वर जाऊन त्याच वाटेने खाली येतात. टप्प्याच्या शर्यतीत पुढचे आणि मागचे यांच्यात डोंगरात अर्ध्या तासाचेही अंतर पडते. म्हणून मार्गपुस्तिकेत प्रत्येक गावासमोर तीन वेगवेगळ्या सरासरी वेगांनुसार शर्यत तिथे पोहोचण्याच्या तीन वेळा छापलेल्या असतात. त्यावरून पोलीस रस्ता कधी अडवायचा आणि कधी सोडायचा ते ठरवतात. आपल्याकडे त्या वेळांत आठवडी बाजार, शाळा सुटणे आणि एसटी बसवावी लागेल. गतिरोधकांचे तर विचारूच नका. तिकडे गरज पडल्यास दुभाजकसुद्धा उखडतात. आपल्याकडे उखडलेला गतिरोधक चार दिवसांनी गावकरी स्वतःच पुन्हा घालतील.

खरी अडचण मात्र ऋतूची आहे, आणि ती चहाच्या टपरीवर कोणाला सुचत नाही. पावसाळ्यात घाटात दरडी आणि धुके असते, तर मार्चपासून माणदेशात ऊन भाजते. उरतात ते डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने आणि नेमका तेव्हाच उसाचा गळीत हंगाम भरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळणावर कसा लवंडतो, ते कऱ्हाडकडच्या माणसाला सांगायला नको. रस्त्यावर पडलेल्या कांडक्यावरून ट्रकची चाके जाऊन त्याचा चोथा होतो आणि पहाटेच्या दवाने तो ओला झाला की सायकलचे बोटभर जाडीचे टायर त्यावरून साबणावरून जावे तसे सरकतात. माझा डावा कोपर त्याची साक्ष देईल.

तरीही एक मार्ग मी वहीत आखून ठेवला आहे. पहिल्या दिवशी शहरात छोटी वैयक्तिक शर्यत. नियमाने ती आठ किलोमीटरच्या आत हवी, आणि पोवई नाक्याचा ग्रेड सेपरेटर एकदा तरी कौतुकाने वापरला जाईल. दुसऱ्या दिवशी कोरेगाव, पुसेगाव, दहिवडीवरून फलटण. तो दिवस वेगाने पळणाऱ्यांचा, पण उघड्या माळावर आडवा वारा सुटला तर तिरक्या रांगा लागून शर्यतीचे तुकडे होतील. तिसरा दिवस मुख्य : सातारा, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर, केळघर घाट उतरून मेढा आणि परत सातारा, सुमारे १२० किलोमीटर. जिथून निघायचे तिथेच यायचे असल्याने मुक्काम हलवावा लागत नाही. शेवट वर नाही याचे पुष्कळांना वाईट वाटेल, पण पसरणीत पडलेले अंतर केळघरच्या उतारावर टिकवणे हीसुद्धा परीक्षाच आहे.

शेवटची रेषा मी आधी एसटी स्टँडजवळ धरली होती. एका रविवारी पहाटे मोळाच्या ओढ्यापासून तिथपर्यंत चालत गेलो, तर सात गतिरोधक लागले आणि त्यांतल्या दोघांचा पांढरा पट्टा पुसलेला होता. रेषा आता ओढ्याच्या अलीकडे, शहराबाहेर घेतली आहे. संघांच्या बस उभ्या करायला रस्त्यालगत एक मोठे रान आहे. सध्या त्यात ऊस उभा आहे.