एफ-वनच्या खाली

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्याचा लॅपटॉप माझ्याकडे दुसऱ्यांदा आला, तेव्हा तो घेऊन मालक स्वतः आले होते. पहिल्या वेळी त्यांच्याकडे हिशेब लिहिणारी मुलगी आली होती. काउंटरवर पिशवी ठेवत म्हणाले, "दादा, आता मी पोरीला हात लावू देईना झालोय. आपोआप खिडक्या उघडू लागल्यात म्हणती. आपोआप कसं उघडंल ओ? कायतरी बघत बसत असणार."

मी नवी पेठेत चौदा वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय. 'आपोआप' हा शब्द रोज ऐकतो आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात खोडून टाकतो. ब्राउझर आपोआप उघडण्याची कारणं आमच्या हाताला ठरलेली असतात. कुठल्यातरी साइटनं नोटिफिकेशनची परवानगी मागितली आणि समोरच्यानं 'अलाउ' दाबलं, हे सगळ्यात जास्त. मग फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर आलेलं एक्स्टेन्शन. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या, तर टार्गेटच्या ओळीत शेवटी एखाद्या जाहिरातीच्या साइटचा पत्ता चिकटवलेला सापडतो. आणि जे चिवट असतं ते ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये बसतं. दर अर्ध्या तासानं ब्राउझर उघड, एवढाच हुकूम, आणि नाव मात्र एखाद्या अपडेटचं. बऱ्याच दुकानांत शेड्युलर उघडूनच बघत नाहीत, सरळ फॉरमॅट मारतात. याचा मला फार राग येतो. फॉरमॅट म्हणजे निदान नव्हे. रोग कळला नाही म्हणून घर पाडून नवं बांधण्यातला प्रकार आहे तो.

पण या लॅपटॉपवर पहिल्या वेळी मीही तेच केलं होतं. माझ्या आधी एका दुकानानं फॉरमॅट मारला होता, तरी खिडक्या परत आल्या. मी शेड्युलर, स्टार्टअप, रजिस्ट्रीतली रनची नोंद, एक्स्टेन्शन, प्रॉक्सी सगळं तपासलं. जाहिराती घुसवणारं ॲडवेअर शोधणारी दोन सॉफ्टवेअर चालवली. काही सापडलं नाही. लग्नसराईचे दिवस, काउंटरवर गर्दी, म्हणून टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा बाजूला काढला आणि पुन्हा विंडोज टाकलं. पाचशे रुपये घेतले. मालकांचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता, समोर ती मुलगी उभी होती. मी म्हणालो, "कुणीतरी काहीतरी डाउनलोड केलं असणार, मालक. वापरणाऱ्याला जरा सांगून ठेवा."

त्या एका वाक्यावर मालकांनी दोन्ही फॉरमॅटचे पैसे तिच्या पगारातून कापले. हे मला दुसऱ्या वेळी, मालकांच्याच तोंडून कळलं. ते अगदी सहज सांगत होते.

दोन दिवस लॅपटॉप माझ्या टेबलावर चालू ठेवला. एक खिडकी उघडली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तो उचलला आणि कारखान्यात गेलो. दुकान सोडून जाणं परवडत नाही, पण आता हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

पॉवरलूमच्या कारखान्यात जे कधी गेले नाहीत, त्यांना तिथला आवाज सांगून कळणार नाही. कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलणं ऐकू येत नाही. माग चालू असले की पायाखालची फरशी सारखी थरथरते. आणि हवेत कापूस. बाणा भरताना, कांड्या बदलताना सुटलेले बारीक तंतू पंख्याच्या पात्यांवर, ट्यूबलाइटवर, कामगारांच्या पापण्यांवर बसलेले असतात. माझ्या आजोबांची हयात गिरणीत गेली. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी कामावर त्यांची छाती भरायची. त्या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात आणि ते कापसाच्या धुळीनं होतं, हे मी मोठेपणी वाचलं. आमची सोलापुरी चादर भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे, पण ती विणताना हवेत काय उडतं ते घडी उलगडून बघणाऱ्याला दिसत नाही.

ऑफिस म्हणजे मागांच्या भिंतीला लागून प्लायवूडचं पार्टिशन. टेबल त्याच पार्टिशनला टेकवलेलं. मुलगी एका रजिस्टरवर हातानं चलनं लिहीत होती. मला बघून उठली, पण काही बोलली नाही.

मी लॅपटॉप तिच्या नेहमीच्या जागी ठेवला, चालू केला आणि हात मांडीवर ठेवून बसलो. पंधरा-वीस मिनिटं काही नाही. मग पलीकडचा एक बंद माग सुरू झाला आणि एज ब्राउझरची एक खिडकी उघडली. तिच्यामागे दुसरी. मग तीन-चार लागोपाठ. मी इंटरनेटची वायर काढली. आणखी एक उघडली, इंटरनेट नाही असं सांगणारी. आता पहिल्यांदा मी पत्त्याच्या पट्टीत काय लिहिलंय ते नीट वाचलं. जाहिरात नव्हती, लॉटरी नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या बिंगवर एक शोध होता: हाऊ टू गेट हेल्प इन विंडोज.

माझ्या अंगावर काटा आला. कारण हे वाक्य मला पाठ आहे. विंडोज १० मध्ये डेस्कटॉपवर असताना कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं एफ-वन दाबलं की हीच खिडकी उघडते. एफ-वन म्हणजे मदत हा रिवाज आयबीएमनं १९८७ मध्ये आपल्या नियमावलीत घालून दिला, तो आजही चालू आहे. कुठलाही ॲडवेअर गिऱ्हाइकाला मायक्रोसॉफ्टच्या मदतीकडे पाठवत नाही, त्यात त्याला पैसा नाही. प्रत्येक खिडकी आपलं कारण कपाळावर लिहून येत होती. ते त्या दुकानानं वाचलं नाही, मालकांनी नाही, मीही नाही. 'खिडकी उघडली' एवढं ऐकलं आणि आम्ही बंद करायला धावलो.

मी मुलीला विचारलं, "एक्सेल उघडं असताना पण ब्राउझर येतो का?"

"नाही सर. तेव्हा उजव्या बाजूला पट्टी येते, हेल्प लिहिलेली. टॅलीत पण मधेच कायतरी येतं, मी एस्केप मारते." मग जरा थांबून म्हणाली, "मागच्या वेळी तुम्हाला सांगितलं होतं की मी."

सांगितलं होतं. आता मला आठवतंय, काउंटरवर उभी राहून ती 'पट्टी' म्हणाली होती आणि मी हो हो करत पावती फाडत होतो. एक्सेलमध्ये एफ-वन दाबलं की उजवीकडे हेल्पची पट्टीच येते. अख्खं निदान ती तोंडानं सांगून गेली होती.

पेन ड्राइव्हवरचं कीबोर्ड तपासायचं सॉफ्टवेअर लावलं. पडद्यावर कीबोर्डचं चित्र येतं आणि जे बटण दाबलं जाईल तो चौकोन उजळतो. दोघंही हात मागे घेऊन बघत बसलो. एफ-वनचा चौकोन उजळला, विझला, मग थरथरल्यासारखा चार वेळा उजळला.

वरच्या ओळीची बटणं काढणं जिकिरीचं असतं. ती आकारानं लहान, आणि खालची, बटण वर-खाली करणारी प्लॅस्टिकची कात्री नखाएवढी. तिचा एक कान तुटला की ते सुटं बटण सोलापुरात मिळत नाही. पूर्ण कीबोर्ड बदलावा लागतो, आणि बऱ्याच लॅपटॉपांत हल्ली कीबोर्ड वरच्या पत्र्याला रिव्हेट मारून बसवलेला असतो. बटणाएवढ्या कामासाठी माणसाला हजारोंचा खर्च सांगताना मला लाज वाटते, पण ती रचना आम्ही केलेली नाही. मी पातळ प्लॅस्टिकची पट्टी एका कोपऱ्यातून सरकवली आणि श्वास रोखून वर उचलली. टक् झालं. तुटलं नाही.

खाली कापूस होता. सुटा नव्हे, वातीसारखा वळलेला आणि तेलानं लालसर झालेला. चिमट्यानं ओढला तर अखंड आला, बोटाच्या पेराएवढा. त्यात शेंगदाण्याचे दोन कण होते. कात्रीच्या सांध्यात ही वात अडकल्यानं बटण पूर्ण वर येत नव्हतं, रबराची टोपी अर्धी दबलेलीच राहत होती. उरलेलं काम मागांची थरथर करायची. माझ्या दुकानात टेबल हलत नाही, म्हणून तिथं खिडकी उघडत नव्हती. शिवाय एफ-वन, एफ-टू अशी फंक्शनची बटणं एफएन न दाबता सरळ चालावीत अशी सेटिंग फॉरमॅटनंतर मीच करून दिली होती. टॅलीवाल्यांना पेमेंटला एफ-फाइव्ह, सेल्सला एफ-एट लागतं, म्हणून आम्ही ती न विचारता करतो.

मी ती वात कागदावर ठेवली. शेंगाचटणी कोण खातं या टेबलावर, हे विचारायची गरज पडली नाही. मालकांचा डबा खिडकीत होता. मुलगी दुपारी मागच्या गोडाऊनमध्ये बायकांबरोबर जेवते, ते मी आल्याआल्या पाहिलं होतं. तिनंही कागदाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं नाही.

सांधा इअरबडनं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला, बटण दाबून बसवलं. तासभर थांबलो. माग चालू, खिडकी बंद.

मालक आले तेव्हा मी त्यांना कापूस दाखवला आणि सगळं सांगितलं. व्हायरस नव्हता, कुणी काही बघत नव्हतं, चूक माझीही झाली. चटणी कुणाची ते बोललो नाही. बोलायला हवं होतं का, यावर माझं अजून एक मत होत नाही. बोललो असतो तर ते चिडून तिच्यावरच घसरले असते असं तेव्हा वाटलं. की मला पुढचं गिऱ्हाईक सांभाळायचं होतं?

"बरं बरं, किती झाले?" मालक म्हणाले.

काही नाही म्हणालो, पण पावती केली. एरवी मी 'कीबोर्ड सर्व्हिस' एवढंच लिहितो. या वेळी लिहिलं: एफ-वन बटणाखाली कापूस अडकला होता. व्हायरस नव्हता. वापरणाऱ्याची चूक नाही. खाली सही, शिक्का. मालकांनी पावती टेबलावर टाकली. मुलीनं ती उचलून सरळ केली आणि मोबाइलवर फोटो काढला. दोनदा काढला, पहिला हलला होता बहुतेक.

निघताना मागच्या वेळचे पाचशे रुपये मी मालकांच्या हातात दिले. "हे हिच्या पगारातले आहेत, तिला द्या," असं तिच्यादेखत म्हणालो. त्यांनी नोट घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

ती सरळ तिच्या हातात का दिली नाही, हे अशोक चौकापर्यंत गाडी येईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. तिथून परत फिरलो नाही. तिला ते मिळाले का, हे अजून विचारलेलं नाही.