तुम्ही विचारलंत म्हणून: नाव न ऐकलेल्यांचे शो का बघते?

दरवर्षी जुलै संपत आला की पुण्याहून आणि इथल्या मराठी ग्रुपवरूनही हाच प्रश्न येतो. अगं तू ग्लासगोहून एडिनबराला फ्रिंज फेस्टिव्हलला जातेस, रात्री दीड-दोनपर्यंत कॉमेडी शो बघत फिरतेस, पण ज्यांचे शो बघतेस त्यांतलं एकही नाव आम्ही ऐकलेलं नसतं, टीव्हीवरची मोठी माणसंही येतात ना तिथे, मग त्यांना सोडून हे कोण कुठले लोक का बघतेस? तुम्ही विचारलंत म्हणून जरा नीट सांगते.

हे फेस्टिव्हल सुरूच झालं ते न बोलावलेल्या लोकांमुळे. युद्ध संपल्यावर १९४७ साली एडिनबरात मोठा इंटरनॅशनल फेस्टिव्हल भरला, तेव्हा आठ नाटक कंपन्या आमंत्रण नसताना आल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग लावले, मुख्य कार्यक्रमाच्या कडेकडेने, म्हणून फ्रिंज. आजही निवड समिती नाही. जागा मिळवायची, नोंदणीचे पैसे भरायचे की लागला तुमचा शो. ऑगस्टमधे तीन-साडेतीन आठवड्यांत तीन हजारांच्या वर शो होतात, त्यात अनोळखी नावंच जास्त असणार आणि मी जाते ती त्यांच्यासाठीच.

मागच्या वेळचं सांगते. संध्याकाळी सहाला वेव्हर्ली स्टेशनला उतरले, रॉयल माइलवर नेहमीसारखी तुडुंब गर्दी, बारीक पाऊस, आणि कलाकार स्वतः रस्त्यात उभे राहून फ्लायर वाटतायत. कुठल्या पेपरात शोला चार स्टार मिळाले की लोक तशी चिठ्ठी रातोरात फ्लायरवर स्टेपल करतात. एका बाईच्या फ्लायरवर काहीच नव्हतं. बेलफास्टची, चाळिशीतली, नर्स, वर्षभराची रजा साठवून आलेली. मी विचारलं शो कशाबद्दल आहे, तर म्हणाली नाइट ड्यूटीबद्दल, आणि मग स्वतःच म्हणाली, आज फार कमी लोक आहेत, आलात तर बरं वाटेल.

काउगेटच्या एका पबची मागची खोली, चाळीस खुर्च्या, आम्ही अकरा जण. पहिली दहा मिनिटं कुणीच हसेना. म्हणजे हसू येत होतं हो, पण एवढ्याशा खोलीत आपला एकटीचाच आवाज येईल म्हणून प्रत्येक जण दाबून बसलेला, आणि ती समोर घामाघूम. मग मागच्या रांगेतले एक आजोबा खो खो हसले, अगदी न राहवून, आणि त्यांच्या मागोमाग आम्ही सगळेच सुटलो. पुढे तिने एका म्हाताऱ्या पेशंटचं सांगितलं, तो रोज पहाटे तीनला विचारायचा बस आली का, आणि ती रोज सांगायची की पाच मिनिटात येतेय, तुम्ही पडा जरा. त्यावर आम्ही आधी हसलो आणि मग खोली एकदम गप्प झाली. तीनशेच्या हॉलमधे मी हसले काय न हसले काय, कुणाला कळणार? इथे अकरावा हिस्सा माझा होता.

पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तमला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. समोरच्या कॉलेजच्या पोरांची नावं माहीत नसायची तरी पडदा उघडायच्या आधी आपलंच काळीज धडधडायचं, आणि एकांकिका जमली की अख्खं थिएटर आपल्या घरचं कार्य असल्यासारखं ओरडायचं. ते मला परदेशात दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

शिवाय पैशांचा मुद्दा आहे, तो मला मनापासून लागतो. ऑगस्टमधे तिथली घरभाडी भयंकर चढतात, त्यात हॉलचा खर्च, पोस्टरचा खर्च, महिनाभर पगार नाही, कितीतरी कलाकार तोटा सोसून घरी जातात. म्हणून फ्री फ्रिंज मला फार मोलाची वाटते, १९९६ पासून चालू आहे, पबच्या खोल्या, कलाकाराला भाडं नाही, प्रेक्षकाला तिकीट नाही, शो संपला की दारात बादली धरतात आणि आपण मनाला येईल ते टाकायचं. फुकट म्हणून नुसतं निघून जाऊ नका प्लीज, तिकिटाला जेवढे दिले असते तेवढे टाका.

आणि २०२३ मधे मुंबईच्या स्टँड-अप कॉमेडियन उरूज अश्फाकला तिथल्या कॉमेडी अवॉर्ड्समधे बेस्ट न्यूकमर मिळालं, तुमच्यापैकी किती जणांनी मला ती बातमी पाठवली होती आठवतंय ना? न्यूकमर म्हणजे तिथल्या लोकांना नवीनच ना ती. कुणीतरी नाव न ऐकताच जाऊन बसलं असेल की तिच्यासमोर.

शो संपल्यावर लगेच घरी पळायचं नाही. प्लेझन्स कोर्टयार्डला जायचं, दगडी फरसबंदी, लाकडी बाकं, आणि मध्यरात्रीही बसायला जागा नाही. आपल्याकडे जेवलात का विचारतात तसं तिथे कुणीही कुणालाही विचारतं, आज काय चांगलं बघितलंत? बस्स, एवढ्यावर ओळख होते. त्या रात्री बाकावर एक लीड्सचं जोडपं, एक लाइटवाला पोरगा आणि मी, असे तासभर बोलत होतो आणि तेवढ्यात ती नर्स समोरून आली. ती बसचा भाग उद्यापासून काढून टाकणार होती, लोक गप्प झाले म्हणजे फसला असं वाटलं तिला. मी म्हटलं अजिबात काढू नका. लीड्सच्या त्या दोघांनी तिथल्या तिथे उद्याचं ठरवलं.

तर येणार असाल तर पावसाचं जॅकेट आणा, बूट चढ-उताराला चालतील असे घाला, दोन शोंची तिकिटं हवं तर आधी काढून ठेवा. पण रात्री नऊ ते दहा काही ठरवू नका. त्या तासाला काय बघायचं ते रस्त्यात जो फ्लायर देईल त्याला ठरवू दे.