प्रभातच्या जोड्या: ‘शेजारी’ला ‘पडोसी’ मिळाला

मंडळी, ‘शेजारी’ या जुन्या मराठी चित्रपटाची गाण्यांची चोपडी, म्हणजे गाणी, कथेचा गोषवारा आणि नटांची नामावळी छापलेली पुस्तिका, अखेर हाती लागली. त्याच्याच हिंदी आवृत्तीची, ‘पडोसी’ची, आधीपासून होतीच, त्यामुळे आणखी एक जोडी पुरी झाली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो, दिसेल ती जुनी चोपडी उचलणं मी कधीच सोडलं. आता फक्त प्रभात फिल्म कंपनी, आणि त्यातही जे चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोन्हीकडे निघाले तेच. दोन्ही चोपड्या आल्याशिवाय फोल्डरमध्ये जागा नाही.

जोड्याच का, असं विचारणारे भेटतात. तेव्हा डबिंगची पद्धत नव्हती. सेट तोच, प्रसंग तोच, तो एका भाषेत घेऊन झाला की लगेच दुसऱ्या भाषेत घ्यायचा. नटही बहुधा तेच. पण एखादा नट मध्येच बदलतो तिथे खरी गंमत असते, आणि दोन्ही चोपड्यांतल्या नामावळ्या समोरासमोर ठेवल्या की ती चटकन दिसते. कथेच्या गोषवाऱ्यात नेमका शेवट गाळलेला असतो, पण नामावळी काही लपवत नाही.

माझ्यापुरता या सगळ्या नादाचा नायक म्हणजे केशवराव दाते. शांता आपटे, शांता हुबळीकर या प्रभातच्या नायिकांची चित्रं जमवणारे पुष्कळ आहेत, दात्यांसाठी जीव टाकणारा विरळा. ‘अमृतमंथन’ (1934) घ्या. मराठीत राजगुरू दाते, हिंदीत चंद्रमोहन. चंद्रमोहनचा तो पहिलाच चित्रपट, आणि त्याच्या डोळ्यांनी असा काही कब्जा केला की दात्यांचा राजगुरू आज कुणाला आठवतही नाही. ‘कुंकू’ (1937) मात्र पूर्ण त्यांचा. तरुण मुलीशी लग्न करून बसलेला म्हातारा त्यांनी मराठीतही केला आणि हिंदी ‘दुनिया न माने’तही. त्या माणसाचा राग यायला हवा, तो येतोही, आणि हळूहळू त्याची कीव वाटायला लागते. पार्श्वसंगीत नसलेल्या चित्रपटात हे साधायचं म्हणजे नटाला लपायला जागाच नाही. नाटकात मुरलेला माणूस, त्याला जमलं.

मग 1941 चा ‘शेजारी’. मिर्झा दोन्हीकडे गजानन जागीरदार. पाटील मराठीत दाते, आणि हिंदीत त्याचा ठाकूर होतो तो मझहर खान. म्हणजे हिंदीत मुसलमान नट हिंदूच्या भूमिकेत आणि हिंदू नट मुसलमानाच्या. दिग्दर्शक शांतारामबापूंनी ही अदलाबदल मुद्दाम केली होती. चित्रपटाचा विषयच दोन जिवलग शेजाऱ्यांमध्ये पाडलेली फूट, तेव्हा त्या निवडीचं मोल वेगळं सांगायला नको. मझहर खान रुबाबदार आहेच. तरी भांडणानंतरचा पाटलाचा तुटलेपणा पाहायचा तर मराठीच पाहा, या मतावर मी ठाम आहे. वाद घालायला या.

आता चोपडीबद्दल. मुखपृष्ठाचा खालचा कोपरा कसरीने खाल्लाय, आत ‘लखलख चंदेरी’च्या शेजारी कुणीतरी पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण केलीय. ती खोडणार नाही. दोन्ही पिना गंजून कागदाला चिकटल्या होत्या. अशा पिना ओढायच्या नाहीत, गंजाभोवतीचा कागद ठिसूळ झालेला असतो, टवका निघतो. मधलं पान उघडून बोथट पात्याने पिनेचे पाय सावकाश सरळ केले, मग बाहेरून अलगद उचलली. जुन्याच भोकांतून सुती दोरा ओवून चोपडी शिवली. फाटल्या जागी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. सेलोटेपचं नाव काढू नका, आणि लॅमिनेशन केलेली चोपडी दाखवायला आणाल तर मी दार उघडणार नाही.

अस्सल-नक्कल ओळखण्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. मजकुराचं पान उलटं करून मागून बोट फिरवा. खिळ्यांच्या छपाईत अक्षरांचा दाब कागदात उतरतो, मागच्या बाजूला जरासा उठाव लागतो. हल्लीच्या प्रिंटरवर काढलेली नक्कल गुळगुळीत असते. चहाच्या पाण्याने कागद पिवळा करणारे महाभाग आहेत, पण तो पिवळेपणा सगळीकडे सारखा असतो. खरा जुना कागद कडांनी जास्त काळवंडतो. जुन्या बाजारात परवा एकाने अशीच चहापिवळी ‘माणूस’ पुढे केली आणि भाव असा सांगितला की मी फक्त बोट फिरवून परत दिली.

2003 साली पुण्यातल्या आगीत नायट्रेटवरच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या पट्टीवरच्या, कितीतरी जुन्या फिल्म जळाल्या, त्यांत प्रभातच्याही होत्या. त्यामुळे कागद उरलाय तो तरी नीट ठेवू या.

पुढचं लक्ष्य ‘अमृतमंथन’ची मराठी चोपडी. हिंदी आहे, पण दात्यांशिवाय ती जोडी मला पुरी म्हणता येत नाही. कुणाकडे असेल तर कळवा, पानं सुटी असली तरी चालतील. बदल्यात ‘आदमी’च्या (हिंदी ‘माणूस’) चोपडीची जादा प्रत देईन, मुखपृष्ठ शाबूत आहे, मलपृष्ठावर कुणीतरी किराण्याचा हिशेब मांडलाय.