वाळूतला चर

२२ फेब्रुवारी. सॉल्ट व्हिसल बे, मेरो बेट, कॅरिबियन.

चार दिवस झाले, तरी ते डोक्यातून जात नाही. आज लिहूनच काढते.

बेक्वे बेटाला त्या दिवशी नांगर मी टाकला होता. टाकल्यावर नेहमीसारख्या खुणा धरल्या : टेकडीवरचं पिवळं घर आणि त्याच्या बरोब्बर खाली किनाऱ्यावरचा वाकडा माड. दोन्ही एका रेषेत आहेत तोवर बोट जागेवर. पहाटे डेकवर आले तर घर एकीकडे, माड दुसरीकडे. आमची बोट मी ठेवलेल्या जागी नव्हतीच. नवरा चहा ढवळत बसला होता. म्हणाला, "रात्री सर आली होती गं, घसरायला लागलो होतो. पुन्हा टाकला नांगर." आणि साखर हवी का विचारलं.

मला उठवलं नाही.

हे वाक्य चार दिवस मनात घोळतंय. इंजिन सुरू केलं, साखळी वर घेतली, अंधारात वीसेक बोटींमधून वाट काढत दुसरी जागा शोधली, पुन्हा साखळी सोडली. हे सगळं एकट्यानं. शीड, सुकाणू, नकाशा सगळं दोघांचं, पण नांगर माझा, असं ठरलेलं आहे. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, मी उभी राहते, हातानं खुणा करते, तो मागे सुकाणूवर माझ्या हाताकडे बघून बोट हलवतो. पंधरा वर्षांत त्यात बदल नाही. मुंबईत बंदरात शिरताना लाल बोया, वाट दाखवणारी तरंगती खूण, डाव्या हाताला ठेवायचा, इकडे कॅरिबियनमध्ये तो उजव्या हाताला, हेही पहिल्या दिवशी मीच त्याला आठवून दिलं होतं. मग त्या रात्रीच मी नको का झाले?

जूननंतर तो असाच झालाय. पाण्याचा कॅन उचलू देत नाही. डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, वर चढताना दंड धरतो. ताई म्हणते, नशीबवान आहेस. असेन.

त्या सकाळी न बोलता मास्क लावून पाण्यात उतरले आणि पोहत आमच्या जुन्या जागेवर गेले. बेक्वेच्या अॅडमिरल्टी बेचं पाणी इतकं नितळ आहे की सहा मीटर खालचा तळ हातावरच्या रेषांसारखा दिसतो. नांगराचा चर तिथे होता. वाळूत नव्हे, आधी गवतात. समुद्रगवताचा दाट पट्टा, त्यावर नांगराचं टोक नुसतं ओरखडत गेलेलं, उपटलेल्या गवताचे पुंजके, आणि मग पुढे वाळूत पंधरा-वीस मीटर सरळ ओढलेली रेघ. टाकताना साडेपाच वाजून गेले होते. उन्हं तिरपी झाली की वरून वाळूचा फिकट तुकडा आणि गवताचा काळा तुकडा वेगळा ओळखू येत नाही. मला फिकट वाटला तो फिकट नव्हता. गवताच्या मुळांच्या जाळीत नांगर रुतत नाही. इंजिन मागे घेऊन ताण दिला तेव्हा धरल्यासारखं वाटतं, पण ते फसवं असतं. हे मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला मी हेच शिकवलंय.

हिशेबही पुन्हा केला. सहा मीटर पाणी, नाळेची उंची एक, म्हणजे सात. पंचवीस मीटर साखळी सोडली होती. साडेतीनपट. वारा निवांत असेल तर चालतं. रात्री निदान पाचपट हवी, म्हणजे पस्तीस. बोटी दाटीत होत्या म्हणून हात आखडला. मुंबईत मी इतकी चुकले नसते, कारण तिथे उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो आणि साखळी भरतीच्या पाण्यावर मोजायची सवय लागते. इथे पाणी दिवसभरात हातभरही चढत नाही. त्यानं माणूस गाफील होतो. आणि बेक्वेचा उपसागर पश्चिमेला उघडा, पूर्वेचा वारा टेकड्या अडवतात, म्हणून तो शांत वाटतो. पण पावसाची सर आली की तोच वारा टेकड्यांवरून झोताझोतानं खाली कोसळतो.

म्हणजे चूक माझी होती. ते मान्य करायला मला अर्धा तास लागला. पण चूक माझी म्हणून तर मला उठवायला हवं होतं ना!

मेरोपर्यंतचे पंचवीस मैल मी जवळजवळ अबोल होते. वारा डाव्या कुशीवर, शीड भरलेलं, बोट सहा नॉटनं पळत होती. असा दिवस वर्षात चार-पाचदाच मिळतो आणि मी तो तोंड फिरवून घालवला. बेटांच्या मधल्या समुद्रात प्रवाह सतत पश्चिमेकडे ओढतो. समोर दिसणाऱ्या बेटावर नाक धरून गेलं तर तासाभरात बेट डावीकडे सरकलेलं दिसतं. म्हणून पूर्वेला, बेटाच्या बाहेर, मोकळ्या समुद्राकडे नाक धरावं लागतं. तो तसं धरत होता आणि मला विचारत होता, "बरोबर ना?" मी नुसती मान हलवली. त्याला माहीत होतं बरोबर आहे ते. तरी विचारत होता.

काल टेकडीवर चढलो. दगडी चर्चच्या मागून टोबेगो कीज दिसतात. चार-पाच ओंजळभर बेटं, पलीकडे हॉर्सशू रीफवर, प्रवाळांच्या कड्यावर, फुटणारी लाटांची पांढरी रेघ, आणि त्यानंतर थेट आफ्रिकेपर्यंत पाणी. वाटेत कोरे पत्रे घातलेली घरं. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ इथून गेलं, युनियन बेटावर तर धड घर शोधावं लागत होतं. खाली आमच्या किनाऱ्यावरचे माडही बरेच गेलेत. एक आजी नव्या भिंतीला रंग देत होती. आम्हाला पाहून तिनं ब्रश वर केला, हसली, परत कामाला लागली. तिथे उभं राहून मी अखेर विचारलं, "मला उठवलं का नाहीस?"

तो बराच वेळ रीफकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हाक मारली होती. दोनदा. दुसऱ्यांदा खांदाही हलवला."

मला काही सुचेना. आमची झोपायची खोली पुढे आहे, साखळी ओढायचं यंत्र अगदी डोक्यावर. त्याच्या खडखडाटात मेलेलं माणूस उठेल. मी त्या रात्री गोळी घेतली होती. हाक मारूनही मी उठले नाही, हे त्यानं माझ्यापासून लपवलं, कारण मला कळलं तर मी गोळी बंद करीन. ओळखतो मला. आजोबा मालवणला तांडेल होते. ते सांगायचे की बोटीवर एका कानानंच झोपायचं असतं. ते आठवून मला चर्चच्या पायरीवर बसावंसं वाटलं. बसले. तोही बसला. डॉक्टरांचं काय ते घरी गेल्यावर बघू. काय करणार, सध्या दोन्ही कान झोपतात.

आज दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, नांगर मी पुन्हा टाकला. स्वच्छ वाळू, चार मीटर पाणी, साखळी तीस मीटर. पोहून खाली बघून आले, नांगर दांड्यापर्यंत रुतलाय. खुणा धरल्या : वादळातून वाचलेला एक माड आणि मागच्या बोटीची डोलकाठी नको, ती उद्या निघून जाईल, म्हणून मागचा खडक.

रात्रीची पाळीही लावून घेतली. त्याची दोनपर्यंत, मग मी. गोळी जेवल्याबरोबर आठलाच घेणार. निजायचं खोलीत नाही, वर, उघड्यावर, त्याच्या पायाशी. हाक ऐकू आली नाही तर तोंडावर पाणी मारायचं, हे कबूल करून घेतलंय. बादली भरून ठेवली आहे.