तांबे भरपूर आहे, दळण पुरत नाही

विजेच्या गाड्या, सौर प्रकल्प, डेटा सेंटर यांमुळे तांब्याची मागणी वाढली की ‘तांबे संपणार’ अशी हाकाटी सुरू होते. जमिनीत तांबे भरपूर आहे. अडते ते दगड दळण्यापाशी.

चिलीच्या अटाकामा वाळवंटातली एस्कोन्दिदा ही जगातली सर्वांत मोठी तांब्याची खाण १९९० पासून चालू आहे. कुठल्याही खाणीत सकस दगड आधी उचलला जातो, उरतो तो हलका. प्रत ०.६ टक्के धरा. टनभर दगडात ६ किलो तांबे, त्यातले हाती येते सव्वापाच किलोच्या आसपास. विजेच्या एका मोटारीत साधारण ८० किलो तांबे लागते, म्हणजे तिच्यासाठी पंधरा टन दगडाचे पीठ करायचे. वरचा निकामी दगड हलवायचा तो वेगळाच. प्रत १.२ टक्के असती तर त्याच चक्कीतून दुप्पट तांबे निघाले असते.

मग चक्कीत जास्त दगड का ढकलत नाहीत? ढकलतात, आणि तिथेच फसतात. क्रशर, मग सॅग मिल आणि बॉल मिल या दगड दळणाऱ्या फिरत्या पिंपांतून प्रवास करून दगड ०.१५ ते ०.२ मिलिमीटरपर्यंत बारीक व्हावा लागतो. भरणा वाढवला की दळण जाडे पडते, तांब्याचा कण दगडात अडकून राहतो आणि गाळासोबत वाहून जातो. फार बारीक केले तरी नुकसानच. दळलेल्या दगडातले तांब्याचे कण पुढे हवेच्या बुडबुड्यांना चिकटवून वर काढतात, आणि अतिसूक्ष्म कण बुडबुड्याला नीट चिकटत नाहीत.

पुढची पायरी फेसाची. झँथेट नावाचे रसायन तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटवते, आणि चुना घालून सामू १०.५-११ वर नेला की लोह-गंधकाचा पायराइट खाली दबतो. वाळवंटात पाणी नाही म्हणून समुद्राचे पाणी तसेच वापरले, तर त्यातले मॅग्नेशियम याच सामूवर चिकट साका धरते आणि कणांवर बसते. पायराइट दाबावा तर तांबे बुडते. एस्कोन्दिदाने २०१७ मध्ये सेकंदाला २,५०० लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प किनाऱ्यावर उभारला. ते पाणी तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर चढवायचे, म्हणजे विजेचा खर्च आला. या फेसातून २५-३० टक्के तांबे असलेली भुकटी मिळते. भट्टीचे काम त्यानंतर.

दळण टाळायचा एक मार्ग आहे. दगडाचा ढीग रचून त्यावर सौम्य गंधकाम्ल शिंपडायचे, उतरलेल्या द्रावणातून विजेने तांबे काढायचे. ऑक्साइड दगडाला हे छान जमते, पण तो वरचा थर बहुतेक ठिकाणी संपत चालला आहे. खालच्या चाल्कोपायराइटवर, म्हणजे तांबे-लोह-गंधकाच्या खनिजावर, आम्लाने एक पापुद्रा धरतो आणि विरघळणे थांबते. हा पापुद्रा स्वस्तात फोडता आला, तर रिकामे पडू लागलेले विद्युत-टाक्यांचे कारखाने पुन्हा भरतील. आमच्या मते नव्या खाणींइतकाच पैसा या संशोधनावर खर्च व्हायला हवा. शोधापासून उत्पादनापर्यंत नव्या खाणीला पंधरा वर्षे सहज लागतात.

गोंदियाच्या सीमेपलीकडे, बालाघाट जिल्ह्यात, मलांजखंडला प्रत एक टक्क्याच्या आसपास आहे, चिलीच्या अनेक खाणींपेक्षा उजवी. १९८२ पासूनची ही उघडी खाण आता भूमिगत होते आहे. उतरते बोगदे, हवेची सोय, छताचा आधार यांशिवाय दगड वर येत नाही आणि ही कामे संथच चालतात. तोवर गुजरातेतल्या दहेजच्या भट्टीला लागणारी बहुतेक भुकटी बोटीनेच येत राहणार.